नऊ नंबरची जर्सी

माझ्या धंद्यात मला भेटलेला सगळ्यात सोपा माणूस आयर्लंडचा होता. त्याला घर दाखवलं तेव्हा त्याने खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. घेतो." न्हाणीघर बघितलं नाही, शेजारी कोण राहतं ते विचारलं नाही. घासाघीस करायची म्हणून मी चार मुद्दे तयार ठेवले होते, ते तसेच गिळले. माझ्याशी हुज्जत घालायला तयार होऊन आलेल्या घरमालकीणबाईसुद्धा हिरमुसल्या.

तोक्योच्या पूर्वेला, फुनाबोरी-ओजिमाच्या बाजूला मी घरं भाड्याने लावून देतो. पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांना स्टेशनजवळ घर हवं असतं आणि जपानी मालकाला परदेशी भाडेकरू नको असतो. त्या दोघांच्या मध्ये उभं राहून मी पोट भरतो. आलो तेव्हा मीही कॉम्प्युटरवरच बसत होतो. एके दिवशी साहेबाशी भांडून नोकरी सोडली, जपानी भाषेतली घरदलालीची सरकारी परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालो. कुणी हात धरला नाही. त्यामुळे न मागता सोडून देणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटत नाही, कीव वाटते. तीही फार वेळ नाही.

हा गडी सामान घेऊन आला तेव्हा त्याच्याकडे कपड्यांपेक्षा लाकडंच जास्त होती. कमरेएवढ्या काठ्या, खालचं टोक पसरट, त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. घरमालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "ही भातवाढी का हो? एवढ्या मोठ्या भातवाढीने किती जणांना वाढता?"

"पंधरा," तो मोडक्या जपानीत गंभीरपणे म्हणाला.

हर्लिंग नावाचा त्यांचा खेळ. एका बाजूला पंधरा माणसं, चामड्याचा टणक चेंडू, आणि तो हवेतून डोक्यावरून जात असताना दोन्ही बाजूंनी काठ्या फिरतात. मी एक काठी उचलली आणि सवयीने मनगट फिरवलं. त्याने लगेच ओळखलं.

"हॉकी?"

"हॉकी. खडकीला."

"रविवारी आराकावा नदीच्या काठावर ये. आम्ही आठच जण आहोत. इथे नऊ जणांचा संघ करून खेळतो, तरी पुरत नाही. शरद ऋतूत ओसाकाचा संघ खेळायला येणार आहे."

आता इथे मला सांगितलं पाहिजे की खडकीच्या मैदानावर मी चांगला खेळायचो. बरा नव्हे, चांगला. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, आणि अख्खी स्पर्धा मी बाकावर बसून काढली, कारण माझ्या जागी निवड समितीतल्या एका माणसाचा भाचा खेळत होता. त्याला चेंडू अडवता येत नव्हता. त्या भाच्याचं तोंड मला आजही आठवतं. शेवटच्या सामन्यानंतर मी काठी विकून टाकली आणि ठरवलं की यापुढे कुणाच्याही बाकावर बसायचं नाही.

म्हणून मी त्याला अट घातली. "शरद ऋतूत ओसाकाचा संघ येणार म्हणतोस ना? त्या सामन्यात पहिल्या नवांत मी पाहिजे. सुरुवातीपासून. सरावापुरता भरतीचा माणूस हवा असेल तर दुसरा शोध."

"कबूल."

"नीट विचार कर. नंतर कुणी चांगला मिळाला तरी."

"कबूल म्हटलं ना, फुदोसान." घरदलालाला इथे फुदोसान-या म्हणतात, त्याने शेपूट कापून तेच माझं नाव केलं होतं. आम्ही हात मिळवले. बदल्यात त्याने काही म्हणजे काही मागितलं नाही. मला तेव्हाच वाटलं, याला कुणीही विकून खाईल.

आणि खाल्लंच होतं की! नदीकाठी फुटबॉलच्या गोलखांबांना बांबू बांधून आम्ही सराव करायचो. नंतर कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, कॉफी घेऊन तो बांधावर बसायचा आणि मी खोदून खोदून विचारायचो. सहाव्या वर्षी बापाने तोडून लहान केलेली काठी हातात दिली. एकोणिसाव्या वर्षी आपल्या परगण्याच्या मोठ्या संघात गेला. पंधरा हंगाम खेळला. भरलेल्या मैदानांत, टीव्हीवर, गावागावातून लोक झेंडे घेऊन यायचे. उजव्या हाताची दोन बोटं इतक्यांदा मोडली की आता ती कपाचा कानही धरत नाहीत. दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायचं, संध्याकाळी दीड तास गाडी हाकत सरावाला जायचं.

"पगार किती द्यायचे?"

"पगार नसतो. कुणालाच नसतो."

"मग तिकिटांचं काय होतं?"

"मैदानं बांधतात. पोरांना काठ्या देतात." तो जरा आठवून म्हणाला, "सरावानंतर आम्हाला जेवण असायचं. मटण चांगलं असायचं."

पंधरा वर्षं, दोन बोटं आणि एक गुडघा. बदल्यात मटण! मी हसलो, आणि ते चांगलं हसणं नव्हतं. त्याला राग आला नाही, याचा मला जास्त राग आला.

पुढचं तर त्याहून वरताण. शहरातल्या एका मोठ्या क्लबाने त्याला बोलावलं होतं. चांगली शाळा, घराजवळ नोकरी, सगळं देऊ म्हणाले. हा गेला नाही. त्यांच्यात ज्या गावात जन्मलात त्याच गावच्या क्लबातून खेळायचं, असा रिवाज आहे म्हणे. मोडला तर कुणी तुरुंगात टाकत नाही. लोक फक्त बोलायचे थांबतात.

"मग थांबू देत की! तेवढीच शांतता," मी म्हणालो.

"तू असतास तर गेला असतास?"

"गेलो नसतो. आधी तीन क्लबांना एकमेकांवर चढवलं असतं, मग गेलो असतो."

त्याला हे फार विनोदी वाटलं.

आणि त्या पंधरा हंगामांत त्याचा परगणा एकदाच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यांच्याकडे सामन्याआधी खोलीत सगळे उभे राहतात आणि प्रशिक्षक एकेक जर्सी हाताने देतो, एक नंबरपासून पुढे. पंधरापर्यंत नाव आलं तर मैदान, पुढे गेलं तर बाक. त्याला अठरा मिळाली. गुडघा सुजला होता, एक पोरगा फॉर्मात होता. सामना जिंकले. याच्या अंगाला घाम आला नाही.

"तू काय बोललास त्या प्रशिक्षकाला?"

"थँक्यू म्हणालो. जर्सी हातात देतात तेव्हा तसं म्हणायचं असतं."

मी कॉफीचा कप ठेवून उठून गेलो. पंधरा वर्षं बिनपगारी राबवून घेतलेला माणूस, आणि थँक्यू!

ओसाकाच्या सामन्याच्या आधी दोन गोष्टी झाल्या. त्याचं इथल्या भाषाशाळेतलं शिकवायचं कंत्राट संपलं आणि वडिलांची तब्येत बिघडली म्हणून त्याने कायमचं परत जायचं ठरवलं. म्हणजे हा त्याचा शेवटचा सामना. त्या गुडघ्यावर गावाकडे त्याला कुणी उभं करणार नव्हतं. आणि त्याच आठवड्यात एका बँकेत नवा आयरिश तरुण बदलून आला, खांद्याने दार तोडेल असा, अजून खेळात असलेला. आम्ही दहा झालो.

दहा झाल्याबरोबर सगळे माझ्याकडे बघायला लागले. संघातले बाकीचे बहुतेक आधीपासून बँकांत नोकरीला, आणि त्या बँकवाल्यांना मी कधीच आवडलो नव्हतो. त्यांची इंग्रजी फार गोड असते. "तुम्हाला दुसऱ्या अर्ध्यात आणू या का, सर?" एकाने विचारलं. सर! घर शोधताना हाच मला दिवसातून चारदा फोन करायचा.

"माझा सौदा तुझ्याशी झालेला नाही," मी म्हणालो.

रविवारी सकाळी नदीकाठच्या गवतावर आम्ही गोल करून उभे राहिलो. तिथे ना खोली, ना बाक; निळ्या प्लॅस्टिकच्या चटईवर पाण्याच्या बाटल्या. तो एकेक नंबर घेऊन ज्याच्या त्याच्या हातात जर्सी देत गेला. एक, दोन, तीन. बँकेतल्या नव्या पोराला आठ. मग हातात एकच राहिली, नऊ. ती तो स्वतः घालायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी भांडायला तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, आवाज किती चढवायचा तेही ठरलं होतं.

त्याने नऊ नंबर माझ्या हातात ठेवला.

"हे काय?"

"पहिल्या नवांत, सुरुवातीपासून. तसंच ठरलं होतं ना?"

"मी तुझी जागा मागितली नव्हती. त्या नव्या बँकवाल्याला बसव."

"तो तुझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्यापेक्षाही." मग हळू आवाजात म्हणाला, "घाल लवकर. पंच घड्याळ बघतोय."

जर्सी हातात घेतल्यावर जे म्हणायचं असतं ते मी म्हणालो नाही. घातली आणि धावत गेलो.

मी वाईट खेळलो नाही. पण हॉकीवाल्याची काठी जमिनीशी राहते. खांद्याच्या वर काठी उचलली की पंच शिट्टी मारणार, हे आमच्या हाडात बसलेलं असतं. उंच चेंडू आला की बाकीचे काठ्यांच्या गर्दीत उघडा हात घालून तो झेलायचे. मी तो खाली पडायची वाट बघायचो. एवढ्या वेळात ओसाकावाले तो घेऊन गेलेले असायचे. पहिल्या अर्ध्यात असं तीनदा झालं.

मध्यंतराला तो चटईवरून बाटल्या घेऊन आला. माझ्या हातात एक दिली. "हात वर घाल," एवढंच म्हणाला. त्याने बूट घातलेले होते, नाड्या आवळून बांधलेल्या. मी त्या बघितल्या. पाणी प्यायलो. दुसऱ्या अर्ध्यात परत आत गेलो आणि पुन्हा दोन चेंडू सोडले. आम्ही एका गुणाने हरलो.

बँकवाले माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं मला काहीच वाटलं नाही. राग आला तो घरी जाताना, गाडीत. अर्धा सामना तू, अर्धा मी. एवढा साधा सौदा! शाळेतली पोरं झोपाळ्यावर करतात. मी तर माणसांच्या मधला मार्ग काढून जगतो. एकच पार्किंगची जागा दोन भाडेकरूंना आठवड्याचे वार वाटून दिली आहे. आणि त्या दिवशी त्याच्या बांधलेल्या नाड्या डोळ्यांसमोर असताना मला ते सुचलं नाही, असं म्हणायची सोयही नाही. सुचलं होतं. मी गप्प राहिलो.

घर सोडायच्या दिवशी मी चावी घ्यायला गेलो. घरमालकीणबाईंनी भिंती तपासल्या, एक ओरखडा सापडला, तो त्याने नाकबूल केला नाही. बाई खाली गेल्यावर मी विचारलं, "मध्यंतराला जर्सी परत का नाही मागितलीस?"

"दिली असतीस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "नाही," मी म्हणालो.

"मग मागून काय उपयोग होता, फुदोसान?"

त्याने चावी माझ्या हातावर ठेवली, आणि मी घासाघीस करायच्या आत जिना उतरून गेला.