दाराकडची बाजू

जुनी जीप घेतली तेव्हा नांदेडात भेटेल तो पहिला प्रश्न विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "या वयात कशाला?" गाडी फोर बाय फोर, नांगरटीतूनही वाट काढणारी. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, हिच्यात झोपायचं कसं? बायको म्हणाली, "घरात पलंग आहे, त्याला काय झालं?" पलंगावर मी किती गाढ झोपतो हे माझ्यापेक्षा तिलाच जास्त माहीत. झोपवायचं होतं ते अक्काला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जळकोटला असते. दाजी गेल्यापासून घरात एकटीच, मुलगा नोकरीला पुण्यात. वर्ष उलटलं तरी तिला झोप नव्हती. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी म्हणायची, "डोळ्याला डोळा लागत न्हाई रे." डॉक्टरांच्या गोळ्या "दिवसा घेरी येती" म्हणून कपाटावर गेल्या. मुलाकडे जाईना, आमच्याकडे आली तर चार दिवसांत पिशवी भरायला घ्यायची. चेहरा पार उतरला होता. बोलता बोलता काय बोलत होतो तेच विसरायची. मला भीती वाटायला लागली होती. आई आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर मला रागावणारं माणूस म्हणून तीच एक उरली आहे.

आणि मला आठवत होती ती माळवदावरची अक्का. गावातलं आमचं घर मातीचं, वर सपाट माळवद. उन्हाळ्यात दिवस कलला की माळवदावर पाणी शिंपडायचं काम तिचं, वाकळा वर नेऊन टाकायचं माझं. पांघरायला आईची जुनी लुगडी, उशाला पाण्याचा तांब्या. मी तिच्या मागं लागायचो, "अक्के, गोष्ट सांग." ती "एक राजा होता" म्हणायची आणि तेवढ्यात झोपायची. त्या राजाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सकाळी ऊन तोंडावर यायचं, आई खालून ओरडायची, "अगं म्हसरं सुटली, उठ की आता!" ही कूस बदलायची. कानाशी थाळी वाजवली तरी उपयोग नसायचा. तसली झोप मी नंतर कुणाची पाहिली नाही.

म्हणून मी ठरवलं, हिला उघड्यावर न्यायचं. किनवटकडे जंगलाला लागून एका मित्राचं शेत आहे. शेवटचा रस्ता म्हणजे नाला आणि दगडगोटे, साधी गाडी पोटावर टेकते. जीप जाणार होती. प्रश्न अंथरुणाचा होता.

लातूरला जीपला सामान बसवून देणारं एक दुकान आहे, तिथं अक्काला मुद्दाम घेऊन गेलो. दुकानदारानं टपावरचा तंबू उघडून दाखवला. सुटकेस उघडावी तसा तो उघडला, आतून शिडी बाहेर आली. मी वर जाऊन लोळून आलो. मला तर माळवदच आठवलं. अक्का खालूनच बघत होती.

"दार कुणीकडं हाय त्याला?" तिनं विचारलं.

"दोन्हीकडनं आहे मावशी," दुकानदार उत्साहानं म्हणाला. "हवा खेळती राहते."

"दोन्हीकडनं?" अक्का म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी समजलो, गुडघ्यांमुळे शिडी नको वाटली असेल. तंबू बाद झाला.

मग हवा भरायची गादी मागवली. तिच्यावर नुसती कूस बदलली तरी फुगा चोळल्यासारखा आवाज यायचा. बायको म्हणाली, "हिच्यावर एक झोपेल आणि गल्ली जागी राहील." दोन झाडांना बांधायची झोळी दाखवली तर अक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता पाळण्यात घालायलास का मला? नाव काय ठेवणार?"

शेवटी मागची सीट काढून प्लायवूडची फळी ठोकली आणि पिंजाऱ्याच्या दुकानी गेलो. आमच्या घरच्या गाद्या पहिल्यापासून त्याच घरातून आलेल्या. अक्काच्या लग्नातली गादीसुद्धा. दुकानातल्या चाचांनी मापं ऐकून विचारलं, "भाई, गाडी की गादी है या घर की?" मी म्हणालो, "गाडीतल्या घराची." त्यांनी चाकांवरचे उंचवटे सोडून, नव्या कापसाची, घट्ट टाक्यांची गादी शिवून दिली. एवढी निगुतीची गादी माझ्या स्वतःच्या लग्नात नव्हती.

थंडीत गेलो. शेतात पोचल्यावर जीप लावण्यातच संध्याकाळ झाली. जमीन उताराची, त्यामुळे डोकं खाली यायला नको. डोकं वर केलं तर पाय दक्षिणेला. "दक्षिणेकडं पाय करून झोपवतोस व्हय रे?" पुन्हा वळवली, एका चाकाखाली दगड दिला, दार जंगलाच्या बाजूला आलं तसंच राहू दिलं. शेकोटीवर हुरडा भाजला, ठेच्याशी भाकरी खाल्ली. अक्का खुशीत होती. मी तिचं अंथरूण घालून दिलं, वर दोन रजया दिल्या आणि स्वतःची बाज टाकली पार लांब, मोहाच्या झाडाखाली. बाईमाणूस मोकळेपणानं झोपू दे, शिवाय माझं घोरणं.

सकाळी उठून बघतो तर अक्का जीपच्या मागच्या दारात पाय सोडून बसलेली. डोळे लाल. रजयांची घडी तशीच.

माझं डोकंच सरकलं. इतक्या दिवसांची खटपट! "काय कमी पडलं गं? गादी टोचली? थंडी वाजली? आता आणखी काय करू ते तरी सांग!"

"गादी लई चांगली हाय."

"मग?"

"दाराकडं कोणी न्हाई ना."

मला कळेना. ती जंगलाकडं बघत हळूहळू बोलत गेली. "लग्न झालं तवापासून हे दाराकडं, मी भिताडाकडं. हे गावाला गेले तर पोरगं दाराकडं. त्याच्या आधी माळवदावर अण्णा जिन्याच्या तोंडाला. माझी पाठ कधी उघडी पडलीच न्हाई बघ. आता पडलं की मागं दार दिसतं. कडी लावली तरी दिसतं. उठून बघती, पुन्ना पडती, पुन्ना उठती."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरांत हे कुणी कुणाला शिकवत नाही. अंथरुणं पडतात ती अशीच: बाया-लेकरं आत, पुरुष दाराकडं. मी स्वतः लग्नापासून दाराकडं झोपतो आणि बायकोला कधी विचारलंही नाही. अण्णांना तर जिन्यापाशी वारं लागायचं नाही, तरी ते तिथंच आडवे व्हायचे; आम्हाला वाटायचं त्यांना तीच जागा आवडते. मी कापसाची जाडी बघितली, चढउतार बघितला, दिशासुद्धा बघितली, आणि बहिणीची पाठ जंगलाकडं उघडी टाकून लांब जाऊन झोपलो.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत मी बाज ओढत आणली आणि जीपच्या मागच्या दाराला आडवी लावली. माझ्यावरून ओलांडल्याशिवाय आत कुणाला जाता आलं नसतं.

"मी घोरतो हं," मी म्हणालो.

"घोर बाबा. तेवढंच कळतं कोणी हाय म्हणून."

मग ती हरभऱ्याची भाजी कशी वाळवायची ते सांगत होती, आणि मधेच आवाज थांबला. सकाळी ऊन जीपच्या आत शिरलं, चहा दोनदा उकळून कडू झाला, मित्रानं मोटर चालू करायला माणूस पाठवला त्याला मी हातानंच परत फिरवलं. अक्का तोंड उघडं टाकून झोपली होती. मी बाजेवर बसून रडलो. आनंदानंच, पण रडलो.

परतताना अर्धापूरला तिनं केळीचा फणा घेतला, नांदेडात माझ्या सुनेला आणि नातवाला म्हणून. ती बडबड करत होती आणि मी मनात पुढचा हिशेब मांडत होतो. एक झोप झाली, पुढं काय? माझी बाज रोज जळकोटला थोडीच लागणार होती? "आमच्याकडंच राहा," मी म्हणालो. ती "बघू" म्हणाली. आमच्यात बघू म्हणजे नाही. जळकोटला तिला सोडलं, तिनं सांगितलं म्हणून जीपमधली गादीही तिथंच उतरवली. पुढं फोनवर झोपेचं विचारलं की म्हणायची, "हाय बरं." माझा विश्वास बसायचा नाही.

उन्हाळ्यात ती नांदेडला आली. उकाड्यानं सगळ्यांची अंथरुणं बैठकीत पडली. मी सवयीनं दाराकडं माझी सतरंजी टाकली, तर अक्का उशी घेऊन माझ्या डोक्याशी उभी.

"सर आत."

"अगं, तू तिकडं भिंतीकडं..."

"सर म्हनलं ना. मी घरी बी दाराकडंच पडती आता. भिताडाकडं पडलं की ह्यांची वाट बघत बसती. दाराकडं पडलं की राखण माझ्याकडं. राखणदाराला कसलं भ्या? अण्णा कसे घोरायचे, इसरलास?"

मी आत सरकलो. ती पडली, एकदा कडीकडं हात लांबवून बघितला, आणि झोपली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. अण्णा गेल्यापासून माझी पाठ राखायला दाराकडं कुणीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.