झाकण बाबांनी लावलं होतं

आमच्या घरात डायव्हर हा शब्द जपून वापरतात. मिठागरं बंद पडली तेव्हा पेणकडच्या आमच्या गावातल्या पुष्कळ जणांनी ट्रक धरले, त्यात माझे बाबाही होते. त्यांच्या मते गाडी चालवणारे ढीगभर असतात, डायव्हर एखादाच. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, वर्षानुवर्षं टिपर हाकल्यावर कुठे बाबांनी त्याला ही पदवी दिली, आणि तीसुद्धा कुरकुरत. माझा तर प्रश्नच नव्हता. मला त्यांनी हौसेने शिकवलं, मास्तरीण केलं, पण स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पोरीचा हात त्यासाठी नसतो, असं म्हणायचे. वर हसायचे, त्याचा मला जास्त राग यायचा.

मग मी चाळिशी ओलांडल्यावर अलिबागला गाडी शिकले आणि स्वतःच्या पगारातून घेतलीसुद्धा. बढाई वाटली तर वाटू दे. आमच्या खानदानात स्वतःची गाडी स्वतः चालवणारी पहिली बाई मी आहे, आणि हे मी कुणालाही दोनदा सांगते.

फक्त बाबा माझ्या गाडीत बसत नव्हते. कधी कंबर दुखायची, कधी ऊन असायचं, कधी एसटी बरी वाटायची. गेल्या माघात बोर्ली पंचतनला आत्याच्या नव्या घराची पूजा निघाली आणि त्याच दिवशी दादाचा टिपर कामावर होता. बाबांपुढे इलाज उरला नाही. तरी उंबऱ्यातच त्यांनी अट घातली, "जाताना बसतो तुझ्यासंगं. येताना मला न्यायला दादा येल."

म्हणजे माझ्याकडे फक्त जाण्याचा रस्ता होता. तेवढ्यात काय ते दाखवायचं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघूच.

बाबा शेजारी बसले ते परीक्षा घ्यायला बसल्यासारखे. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा पाय खालची चटई दाबायचा. माणगावच्या अलीकडे मी पेट्रोल भरायला थांबले, तर परीक्षक आपणहून खाली उतरले. टाकी भरली, नळी टक करून बंद पडली, पंपावरचा माणूस ती काढायला लागला.

"काढू नको," बाबा म्हणाले. "अजून बसतंय."

त्यांनी गाडीच्या टपाला हात लावून ती गदागदा हलवली. टाकीतली हवा निघते आणि आणखी थोडं मावतं, हे सगळ्या जुन्या ट्रकवाल्यांचं शास्त्र. पुढे म्हसळ्यापलीकडे कुठे पंप मिळेल न मिळेल, टाकी कशी गळ्यापर्यंत पाहिजे. मी "बाबा, पुरे" म्हणेपर्यंत पेट्रोल तोंडाशी आलं होतं. शिवाय टाकीचं झाकणही त्यांनी पंपवाल्याला लावू दिलं नाही. ट्रकच्या टाकीचं झाकण डायव्हरने स्वतः लावायचं असतं, डिझेल चोरीला जातं म्हणून. बाबांनी ते अर्धा फेरा फिरवलं, वर थाप मारली आणि ऐटीत येऊन बसले.

मोर्बा मागे पडलं आणि माझ्यासमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

मी बघायच्या आत बाबांनी बघितला. "थांब! थांब गो! बाजूला घे!"

मी गाडी झाडाखाली घेतली. बाबांचंही बरोबर होतं म्हणा. त्यांच्या ट्रकमध्ये दिवा लागला म्हणजे तेल तरी संपलं किंवा इंजिन तरी तापलं. तसंच पुढे नेलं की इंजिन जाम आणि महिनाभर गाडी उभी. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, चालू इंजिनापाशी कान नेला, डोळे मिटून ऐकलं.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"आवाज चांगला हाय."

"मग?"

"पन दिवा हाय ना."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि दादाला लावला. माझ्या देखत. "दिवा लागला हाय गाडीचा... व्हय, मोर्ब्याच्या पुढं... बग बाबा, येतोस काय?" पलीकडून दादा म्हणत होता, तिथेच थांबा, काम टाकून निघतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा आला असता, मला मागे बसवून त्याने गाडी चालवली असती, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट रंगवून सांगितली गेली असती. त्यानंतर बाबा माझ्या गाडीत कधीच बसले नसते.

मी उतरले आणि मागे जाऊन टाकीचं झाकण बघितलं. सैल होतं. बोटाने सुद्धा फिरत होतं. मागे एकदा अलिबागला माझ्याकडूनच ते असं राहिलं होतं, तेव्हाही हाच दिवा लागला होता आणि गॅरेजवाल्याने मला सगळं समजावलं होतं. मी झाकण आवळलं. कट, कट, कट.

"हे ऐका," मी म्हटलं. "हा आवाज येईपर्यंत फिरवायचं असतं. नाहीतर पेट्रोलची वाफ बाहेर जाते आणि गाडी तक्रार करते. इंजिनाला काही झालेलं नाही."

बाबांनी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. झाकण कोणी लावलं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी ते बोलले नाही.

"मंग दिवा गेला काय?"

"लगेच नाही जात. गाडीला पटायला एकदोन दिवस लागतात. दिवा मिचकायला लागला, गाडी तापली किंवा आवाज बदलला, तर मी स्वतः थांबेन. बसा बाबा."

'बसा' हे मी ज्या आवाजात म्हटलं तो माझा वर्गातला आवाज होता. बाबांवर तो मी पहिल्यांदाच वापरला. त्यांनी अजून चालू असलेला फोन कानाला लावला, म्हणाले, "थांब तू. मंग सांगतो," आणि येऊन बसले.

दिवा पेटलेलाच होता. बाबा म्हसळ्यापर्यंत कान इंजिनाकडे लावून बसले होते. पण घाटात माझ्या लक्षात आलं, त्यांचा पाय चटई दाबत नव्हता.

म्हसळा सोडल्यावर एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल गटार. एसटीच्या मागे गाड्या लागलेल्या, म्हणजे मलाच मागे जायचं होतं. मी रिव्हर्स टाकला आणि तेवढ्यात बाबांनी दार उघडलं. वाटलं, आता म्हणतील, सरक, मी घेतो.

ते माझ्या बाजूला आलेच नाहीत. गाडीच्या मागे गेले.

बाबांच्या ट्रकवर क्लीनर असायचा. गाडी मागे घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारत रस्ता सांगणं हे त्याचं काम. बाबा जन्मात कुणासाठी असे उतरले नाहीत. डायव्हर उतरत नसतो, असं अभिमानाने सांगायचे. दादासाठीही कधी उतरले नव्हते.

आणि आता माझ्या गाडीच्या पत्र्यावर थाप पडली.

"येऊ दे... येऊ दे... मास्तरीण, थोडी उजवीला... येऊ दे..."

आरशात मला त्यांचं पांढरं डोकं आणि हलणारा हात दिसत होता. मला रडू येत होतं, पण रडायची सोय नव्हती, गटार जवळ होतं. वळणाच्या मागे रुंद जागेत मी गाडी बसवली. दोन थापा एकदम पडल्या, "बास!" एसटी पुढे गेली. तिच्या डायव्हरने जाताना मला हात केला. बाबांनी तो बघितला. हाताची धूळ झटकत ते आत बसले आणि म्हणाले, "चल."

आत्याच्या घरी पूजा आटपली, पानं वाढली गेली. आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा बाबांचा फोन वाजला. दादाचा आवाज पंगतीला ऐकू जाईल एवढा मोठा, "बाबा, काम झालं माझं. निघू काय न्यायला? दिवा गेला काय तो?"

"दिवा हाय अजून," बाबा म्हणाले. भातावर वरण घेतलं, कालवलं. "तू कशाला येतोस? मी डायव्हरबरोबर आलोय."