जिभाऊंची कपबशी

जिभाऊंच्या हातात कप दिला की ते आधी तो पालथा करून तळ बघत. एका साखरपुड्यात आत चहा आहे हे विसरून त्यांनी कप उलटला आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांचं धोतर रंगवलं. व्याही ओरडत होते, जिभाऊंचं बोट मात्र तळावरच्या छापावर फिरत होतं. लोणखेड्याचा हा कुंभार माठ-पणत्या घडवता घडवता चिनी मातीच्या कपबशीच्या प्रेमात पडला होता.

तो कप त्यांनी आपल्या मातीत उतरवला. वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचे, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायचे. बाजारातल्या कपावरचं निळं फूल भट्टीत टिकेना, म्हणून जिभाऊंचं फूल गेरूचं, लाल. तळावरची कंपनीची इंग्रजी अक्षरंही ते काडीने कोरत. वाचता येत नसल्याने ती वेलीसारखी पसरत.

पण कपाचा कान त्यांनी मोठा केला आणि बशी खोल. शेतात राबणाऱ्याचं बोट चिनी कपाच्या कानात अडकतं आणि आमच्याकडे चहा बशीतूनच प्यायला जातो, हे त्यांनी हेरलं होतं. “आगोदर हात दखाना, मंग कान लावाना,” ते म्हणत. एकदा एका गिऱ्हाइकाने चिडवलं, “जिभाऊ, हाई कप शे का रांजन?” जिभाऊ मान वर न करता म्हणाले, “तुन्हा तोंडना मापना शे. पी.”

मी त्यांच्या शेजारी राहायचो. कॉलेजात इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो आणि सकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर, त्यांच्याच कपातून प्यायचो. एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांसाठी जुन्या भांड्यांचं प्रदर्शन भरवलं. रोमन साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांतले कुंभार इटलीहून येणाऱ्या तांबड्या, चकचकीत ताटल्यांसारख्या ताटल्या घडवत. काहींनी तर तळाचा शिक्काही न वाचताच उमटवला. त्या ताटल्यांची चित्रं मी फळ्यावर लावली आणि खाली, आजचं उदाहरण म्हणून, जिभाऊंची कपबशी मांडली.

जिभाऊ इस्त्रीचा सदरा घालून, सुनेला घेऊन बघायला आले. “वहू, वाच वं, मन्हा कपना खाले काय लिखेल शे?”

तिने मी कपाखाली लावलेली चिठ्ठी वाचली. “स्थानिक नक्कल. मूळ वस्तूपेक्षा ओबडधोबड.”

“नक्कल म्हंजे, सर? तमाशामा सोंगाड्या करस, ती?”

भोवती विद्यार्थी होते. मी म्हणालो, “हो, साधारण तशीच.” पोरं हसली. मीही हसलो.

जिभाऊंनी टोपी नीट केली आणि ते गेले. त्यानंतर त्यांनी एकही कप घडवला नाही, माठ तेवढे केले. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्या प्रांतांतल्या कुंभारांनी आपल्या माणसांच्या जेवणाप्रमाणे भांड्यांचा आकार बदलला, हे मी वर्गात कौतुकाने सांगत असे. शेजारचा माणूस तेच करत होता आणि मी त्याला ओबडधोबड म्हटलं.

वर्षभराने धीर करून माफी मागायला गेलो.

“या सर, बठा,” ते म्हणाले आणि आत हाक दिली, “वहू, सरसले बजारना कपमा चहा दे वं. आपला त्या नक्कलना शेतस.”

टोमणा असता तर सोपं झालं असतं. ते मनापासून माझा मान ठेवत होते. ‘मला तुमच्या हातचा द्या,’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते. सून पांढराशुभ्र कप पुढे धरून उभी होती. मी तो घेतला.

“साखर बरोबर शे ना, सर?” जिभाऊंनी काळजीने विचारलं.

मी मान हलवली आणि चहा संपवून उठलो. त्याच उन्हाळ्यात ते गेले.