सुषमाचा डमरू

शिरूरला तहसील कचेरीसमोर आता मोबाईलचं दुकान आहे ना, त्याच गाळ्यात पूर्वी आम्ही दोघं बसायचो. अर्ध्यात माझं झेरॉक्सचं मशीन आणि अर्ध्यात सुषमा कोळपेचं टायपिंग. मधे पडदासुद्धा नव्हता. मी हौसराव. माझ्या तोंडी लागायला शिरूरातली चांगली चांगली माणसं कचरायची, आणि ही दौंडची पोरगी मान वर न करता टाइप करता करता मला गप्प करायची. "भाऊ, कागद संपलाय तुमच्या मशीनचा, तोंड न्हाई संपलं अजून?" असं.

सुषमा धनगराची. माहेर दौंडचं, टायपिंग शिकली तिथंच, रेल्वेच्या गेटजवळच्या क्लासात. सासर निमोण्याचं. सासऱ्याचा बाप मेंढरांमागं फिरलेला, पण हिच्या लग्नापर्यंत मेंढरं जाऊन कांदा आला होता. तिनं पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला, दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा. त्यात मराठी टायपिंगचं कसलंसं सॉफ्टवेअर होतं. मशीन इतकं म्हातारं की चालू झालं तरी नशीब. पण सुषमाची बोटं त्याच्यावर अशी चालायची की माझी दुपार नुसता तो आवाज ऐकत जायची. खोटं कशाला सांगू, त्या आवाजाची अजून आठवण येते.

आमच्याकडं लाईट म्हणजे पाहुणी. कधी येईल सांगता येत नसे, पण दुपारची जायची वेळ मात्र सगळ्यांना पाठ. यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली. लाईट गेली की तो नुसता टूं टूं करून रडायचा, आणि कॉम्प्युटर त्याच्याआधीच आडवा झालेला असायचा. एकदा निमोण्याचे गेणबा वाटेच्या भांडणाचा अर्ज सांगत होते. म्हातारा सकाळपासून बसून सांगतोय, सुषमा घेतेय, आणि शेवटच्या ओळीला लाईट गेली. परत आली तेव्हा पडदा कोरा. गेणबा कॉम्प्युटरच्या मागं जाऊन वाकून बघायला लागले. म्हणाले, "पोरी, माझं बोलणं गेलं कुठं?"

सुषमाला ते फार लागलं. त्या दिवशी तिनं सॉफ्टवेअरची खिडकी न् खिडकी उघडून बघितली आणि एक जागा शोधून काढली. मशीननं मजकूर आपोआप किती किती वेळानं सेव्ह करायचा, ते तिथं ठरवता येत होतं. तिथं दहा मिनिटं होती, हिनं एक केलं. झालं. दर मिनिटाला म्हातारं मशीन सेव्ह करायला थांबायचं, धापा टाकायचं, आणि पडद्यावर ते वाळूचं घड्याळ यायचं. घड्याळ शहरातल्या लोकांना. आमच्याकडच्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, डमरू आला. तेव्हापासून शिरूर तालुक्यात त्याचं नाव डमरू.

डमरू आला की सांगणाऱ्यानं थांबायचं, अशी रीतच पडली. नवा माणूस बोलत राहिला तर बाकड्यावरचे त्याला हटकायचे, "थांबा जरा, डमरू आलाय." आणि एक गंमत व्हायला लागली. माणूस तावातावानं भावाच्या नावानं अर्ज सांगतोय, "त्यानं माझा बांध कोरला, माझ्या बायकोला बोलला..." की आला डमरू. गप्प बसायचं. गप्प बसलं की माणसाला विचार सुचतात, वाईट सवय आहे ती. तीन-चार डमरू झाले की माणूस डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊ दे बाई. च्या सांग."

अर्ज न्हाई तर झेरॉक्स न्हाई. मी चिडायचो. "बये, तुझ्या डमरूपायी माझं दुकान बसंल." ती नुसती हसायची. मग माझ्या ध्यानात आलं, लग्नपत्रिकेला तो डमरू फारसा येतच नाही. भांडणाच्या अर्जाला मात्र सारखा. सुषमा माणूस बघून मिनिटं लावायची. मी तिला तोंडावर विचारलं तर म्हणाली, "व्हय. रागात हाय त्याला एक, आनंदात हाय त्याला दहा." अशी लबाड.

एका दुपारी केंदूरचे मारुतराव आले. सोसायटीचे चेअरमन, मोठं वजन. सुषमा त्यांना आबा म्हणायची. आबा कधी बसल्याशिवाय बोलायचे नाहीत, त्या दिवशी उभेच. म्हणाले, "पेपरात द्यायचीय. जाहीर नोटीस." आम्हाला कळलं होतं. त्यांची एकुलती मुलगी राजनंदिनी हिनं दौंडच्या एका पोराशी लग्न केलं होतं, परस्पर. पोरगा धनगराचा. सगळ्या तालुक्यात तोच विषय होता.

सुषमानं कीबोर्डवर बोटं ठेवली. आबा सांगायला लागले, "मी मारुतराव, राहणार केंदूर, या नोटिशीनं कळवतो की, माझी मुलगी राजनंदिनी..."

आणि डमरू आला.

आबा थांबले. लेकीच्या नावावर थांबायला लागलं त्यांना. पडद्यावर ते नाव आणि शेजारी तो डमरू. आबांचा चेहरा बघवेना मला. मग ते एकदम तडकले, "बंद कर ते! मला न्हाई थांबायचं."

"आबा, बंद केलं तर मशीन काय ठिवत न्हाई. लाईट गेली तर सगळं जाईल."

"जाऊ दे गेलं तर. बंद कर म्हणतो ना."

तिनं बंद केलं. मी बघितलं. मग आबा एका दमात सांगत सुटले. तिचा आमच्या घराशी संबंध उरला नाही. तिनं कुळाला बट्टा लावला. त्या पोराच्या जातीबद्दल बोलले, आणि टाइप करणारी कोण आहे याचंही भान त्यांना राहिलं नाही. सुषमाची बोटं एकदाही अडखळली नाहीत. शेवटी म्हणाले, "ती आम्हाला मेली. खाली माझं नाव टाक."

सुषमानं नाव टाकलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस रडायला लागला.

आबा म्हणाले, "थांबतो." बाकड्यावर बसले. दुपारभर बसले. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला. लाईट आली, कॉम्प्युटर खडखडत उठला, सुषमानं ती फाईल उघडली. पडद्यावर एवढंच होतं. मी मारुतराव, राहणार केंदूर, या नोटिशीनं कळवतो की, माझी मुलगी राजनंदिनी.

"पुढचं गेलं, आबा," सुषमा म्हणाली. "परत सांगा."

आबा उठून पडद्याजवळ आले. "हिचा..." म्हणाले आणि थांबले. डमरू तर बंद होता, तरी थांबले. मग सुषमाकडं न बघता म्हणाले, "हिची आय म्हणली व्हती, एवढं लांब नाव कशाला, कोण घेणार? मी म्हणलं, मी घेतो. पुरं घेतो. कवाच नंदी म्हणलो न्हाई तिला."

माझ्यासारखा माणूस गप्प बसला म्हणजे बघा.

"आहे तेवढंच काढ," आबा म्हणाले. सुषमानं प्रिंट काढली. त्यांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि गेले. नोटीस पेपरात आली नाही.

ते गेल्यावर मी सुषमाला धारेवर धरलं. "डमरू बंद असला तरी हातानं सेव्ह करायचं बटण होतं की. का न्हाई दाबलंस?"

"त्यांनीच सांगितलं व्हतं ना, जाऊ दे गेलं तर." आणि पदरानं कीबोर्ड पुसत बसली. डोळे भरले होते तिचे. माझ्या देखत ती पहिल्यांदाच रडली.

पुढच्या साली ऊस गळिताला जायच्या सुमारास आबा परत आले. या वेळी बसले, चहाही प्यायले. नातीच्या बारशाची पत्रिका करायची होती, बारसं केंदूरला, आबांच्याच घरी. सुषमानं आनंदाचं काम म्हणून मिनिटं दहावर न्यायला हात घातला, तर आबांनी तिला थांबवलं.

"एकच ठिव," म्हणाले. "ह्यातलं काय जायला नको."

मग त्यांनी मजकूर सांगितला, सावकाश. आमची कन्या राजनंदिनी, असं म्हणाले आणि डमरू यायच्या आधीच आपणहून थांबले.