आवाजाची वॉरंटी

भोंगेकाकांच्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि काकांची पाचावर धारण बसली. तुमच्याआमच्या लॅपटॉपचा पंखा घरघरला तर आपण त्याला दोन चापट्या मारतो, फुंकर घालतो आणि कामाला लागतो. काकांना ते जमणार नव्हतं. त्यांच्या घशातही आधी अशीच घरघर सुरू झाली होती. सर्दी असेल म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली, आणि शेवटी डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता काकांचा आवाज म्हणजे तो लॅपटॉप. ते टाइप करायचे, बटण दाबायचे, की लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलायचा.

हा आवाज शहरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. काकांची अख्खी नोकरी बसस्टँडवर अनाउन्सर म्हणून गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं पाकीट सापडलंय, कोणाची आई चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलीय, सगळं त्यांनीच सांगायचं, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. भोंगेकाका हे नाव तिथलंच. खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

ऑपरेशनच्या आधी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना माइकसमोर बसवलं. बरीच वाक्यं वाचून घ्यायची आणि त्यावरून मशीनने त्यांचा आवाज तयार करायचा, असं ते काम होतं. बाईंनी बजावून सांगितलं, "काका, घरी बोलता तसं वाचा हं." काकांनी मान डोलावली, कॉलर सारखी केली, घसा खाकरला, आणि समोर माइक दिसताच जन्मभराची सवय उसळून आली. "आज भाजी ताजी आहे" हे वाक्य त्यांनी असं वाचलं, की जणू भाजी फलाटावर लागतेय आणि प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं. बाई नवीन होत्या, भिडस्त होत्या, आणि ऑपरेशनची तारीख डोक्यावर आली होती. जे रेकॉर्ड झालं ते झालं. तेव्हापासून घरात मीठ कमी पडलं तरी त्याची घोषणा व्हायची. काकांनी घरातच स्टँड काढला की काय, असं शेजारणीला वाटायचं.

तर पंखा घरघरला, आणि नेमकी वॉरंटी याच आठवड्यात संपत होती. दुकानाचा मेसेज आला होता: वॉरंटी वाढवून घ्या, निश्चिंत राहा. निश्चिंत हा शब्द वाचून काका आणखीच घाबरले. आवाजाचा तो प्रोग्राम बनवणारी कंपनी मधल्या काळात बंद पडली होती. उपचारवाल्या बाईंनी खूप खटपट करून पाहिली, पण त्याची कॉपी दुसऱ्या मशीनवर काही केल्या चालेना. म्हणजे हा लॅपटॉप गेला की आवाज पुन्हा जाणार. पहिल्या वेळी निदान भूल तरी दिली होती.

वाढीव वॉरंटी काही स्वस्त नव्हती. तेवढ्या पैशांत काकूंचा नवा चष्मा होऊन वर शेगडीही आली असती. काकू मात्र यावर हो म्हणेनात की नाही म्हणेनात. "तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच म्हणायच्या आणि ओट्याकडे वळायच्या. एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे ही चुप्पी काकांना फार लागली. लॅपटॉप बोलायला लागला की काकू मिक्सर लावतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. हा बंद पडला तर हिला बरंच वाटेल, असं त्यांच्या मनात यायचं.

दुकानात जायच्या दिवशी सकाळी, काकू आंघोळीला गेल्या असताना, काका लॅपटॉपसमोर बसले. त्यांनी काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि बटणावरचं बोट उचललं. असं ते अधूनमधून करायचे. लिहायचं, बघत बसायचं आणि न वाजवता पुसून टाकायचं. आज पुसायच्या आत काकूंची हाक आली, "अहो, आवरा की! नंतर तिथे गर्दी होते." काका दचकले आणि त्यांनी घाईघाईने झाकण मिटलं.

रस्ताभर त्यांनी लॅपटॉप पोटाशी धरला होता. रिक्षा खड्ड्यात आदळली की ते आधी त्याच्यावर वाकायचे.

दुकानात काउंटरवरच्या बाईंनी पाठ केल्यासारखं सांगितलं, "मशीन बिघडलं तर दुरुस्त करून देतो, नाही झालं तर बदलून मिळतं. आत जे काही साठवलेलं असेल त्याची जबाबदारी आमची नाही."

काकांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं.

"आवाजाचं विचारतायत," काकू म्हणाल्या. "यातून यांचा आवाज येतो. त्याचं काय?"

"स्पीकर ना? स्पीकर वॉरंटीत आहे की."

काकांना लॅपटॉप उघडून ओरडून सांगावंसं वाटलं. पण उघडायची सोय नव्हती. काकू शेजारीच उभ्या होत्या आणि सकाळचं ते लिखाण आत तसंच होतं. तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला. तपासणी केल्याशिवाय वॉरंटी वाढत नाही म्हणे. काकांनी लॅपटॉप सोडला नाही. बाईंनी हळूच ओढला, काकांनी हळूच धरून ठेवला, असं थोडा वेळ चाललं. शेवटी काकूंनीच त्यांची बोटं सोडवली. दुरुस्तीवाला लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लागलं.

काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकातून, रुमालाआड, श्वास जोरात वाजत होता. आत स्क्रू उघडत असतील, कोणीतरी नको ते बटण दाबेल, सगळं पुसून जाईल, आणि तो माणूस बाहेर येऊन सॉरी म्हणेल. तेव्हा आपल्याला साधं "अरेरे"ही म्हणता येणार नाही. त्यांनी काकूंचा पदर ओढला, दाराकडे बोट केलं आणि हाताने विचारलं: घ्यायची का वॉरंटी?

काकूंनी त्यांच्या हातातून पदर सोडवून घेतला.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही ज्याला इतके जपताय ना, तो तुमचा आवाज नाहीच. तो स्टँडचा आवाज आहे. घरात तुम्ही नुसतं 'अगं' म्हणायचात, त्यावरून मला कळायचं चहा हवाय की चष्मा हरवलाय की कोणाशी भांडून आलाय. ते 'अगं' यात कुठंय? ते ऑपरेशनलाच गेलं. मला या मशीनचा राग येतो. तुम्ही बोललात की वाटतं, उठावं आणि गाडी पकडावी."

यावर काकांना उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर द्यायचं साधन दाराच्या पलीकडे होतं.

आणि तेवढ्यात ते बोललं. दुरुस्तीवाल्याने स्पीकर तपासायला पडद्यावरचं बटण दाबलं असणार. आतल्या खोलीतून काकांचा खणखणीत आवाज साऱ्या दुकानात घुमला:

"मला फार भीती वाटते. हाही आवाज गेला, तर मी घरात आहे, हे तुला कळेल का?"

दुकानातल्या लोकांनी माना वर केल्या. एका गृहस्थाने सवयीने आपली पिशवीसुद्धा उचलली. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत दुरुस्तीवाल्याने खात्री करायला पुन्हा बटण दाबलं, आणि घोषणा रिवाजाप्रमाणे दोनदा झाली.

काकू उठल्या. त्यांचा चेहरा काकांना दिसत नव्हता, आणि त्यानेच ते जास्त घाबरले. त्या काउंटरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ते मशीन आधी बाहेर आणा."

"मग वॉरंटीचं काय करू?"

"नको. यांना ज्याची भीती आहे, ते तुमच्या कागदात कुठेच नाही."

त्यांनी लॅपटॉप आणून काकांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं.

"इतके दिवस मला मीठ आणि सिलिंडर ऐकवलंत," त्या म्हणाल्या. "आणि हे पुसून टाकत होतात? अजून काय काय पुसलंत? चालतोय तोवर वाजवा सगळं. स्टँडचा तर स्टँडचा."

पंखा घरघरत होता. भीती कुठेही गेली नव्हती, उलट आता तर त्यांचं रक्षण करायला कागदाचा तुकडाही नव्हता. काकांनी टाइप केलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

"ऑपरेशनला आत नेताना तुला एकदा अगं म्हणायचं होतं. राहून गेलं."

"मग म्हणा आता," काकू म्हणाल्या.

काकांनी दोनच अक्षरं टाइप केली. लॅपटॉपने ती अशी ठणकावून म्हटली, की काउंटरवरच्या बाईही उभ्या राहिल्या. दुकानातल्या लोकांनी पुन्हा माना वर केल्या.

आणि काकूंनी ओ दिली.