वर गेलं

कारखान्यात त्याला सगळे घणमामा म्हणत. काम कॉम्प्युटरचं, पण पिंड लोहाराचा. प्रत्येक खात्यानं आपापला सर्व्हर टेबलाखाली, कपाटामागे, एकानं तर चक्क मोरीशेजारी पोसला होता. ते सगळे मोडीत काढून माहिती एकाच सामायिक साठ्यावर चढवायची, हे काम मामाकडे आलं. माहिती चढली की त्याच्या हाताखालची माणसं म्हणत, ‘वर गेलं.’ मग मामा जुनी डिस्क ऐरणीवर ठेवून घणानं तिचा चुरा करायचा. सुखासुखी कोणी यंत्र देत नसे. हिशेबनीस तर हाताला चावला. मामानं त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि सर्व्हर उचलला.

प्रेस खात्यात मामाचा मेहुणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा. पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रानं त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला. फोरमन म्हणाला, चूक याचीच. मेहुणा म्हणत होता, काम उरकायला फोरमननंच यंत्राची संरक्षक जाळी काढायला लावली. खरं काय ते फक्त त्या खात्याच्या सर्व्हरवरच्या, कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रणात होतं.

मामा तणतणत तिथे पोचला. “अपघाताचं वर गेलं का?”

“गेलं की, कालच,” फोरमन म्हणाला.

आपल्याच माणसांनी चढवलं असणार, असं मामानं धरलं. तपासायचं भान त्याला नव्हतं. मेहुण्याच्या हाताचा सगळा राग त्यानं घणानं त्या सर्व्हरच्या डिस्कवर काढला.

साठ्यावर चित्रण नव्हतंच.

बहिणीनं दवाखान्याच्या जिन्यातच त्याच्या थोबाडीत मारली. “दादा, हात कारखान्यानं तोडला. गळा तू कापलास.”

मामा तडक प्रेस खात्यात शिरला आणि फोरमनची गचांडी धरली.

“अहवाल वर गेला म्हणालो मी! साहेबांकडे!” फोरमन ओरडला, पण ओठ हसत होते. मामानं ते ओठ फोडले. डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. कामगार बघत राहिले, कोणी मध्ये पडलं नाही.

फोरमन रक्त थुंकला. “मार, मार! कालच नवा कॅमेरा लागलाय. आवाजासकट सगळं थेट तुझ्या साठ्यावर जातंय. आता तू संपलास.”

खरं होतं. तिथे पोचलेलं कोणालाच पुसता येऊ नये, अशी सोय मामानंच करून ठेवली होती. त्याची मूठ हवेतच थांबली. मग त्यानं फोरमनचे केस धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं.

“बोल,” तो म्हणाला, “जाळी कोणी काढायला लावली?”