सातवा नंबर कोण सांगणार?

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राची कॉलनी, इथे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दुपारपर्यंत राखेचा पातळ थर बसतोच. झटकला तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच! आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर मागे चार येऊन बसलेले असतात.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. सुमेध आमच्या खालच्या क्वार्टरमधला. त्याच्याकडे माईक आहे, म्हणून यूट्यूब चॅनेलचा मालक तोच. विक्की घुग्घुसचा, सिमेंटच्या कारखान्यात शिफ्ट करतो. आणि मी प्रज्ञा. एम.ए. झालेली, बँकेच्या परीक्षा देणारी, आणि कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही दचकणारी.

चॅनेलवर आम्ही गाण्यांबद्दल बोलतो. बघणाऱ्यांत नातेवाईकच जास्त. पण आम्ही एमसी राखडचे सगळे अल्बम ऐकून त्यांना नंबर द्यायचं ठरवलं आणि सगळं बदललं.

एमसी राखड म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना रॅपर. दिवसा खाणीत डंपर चालवतो. कोळसा जळून उरते ती राखड, आणि 'जळून जे उरलं ते मी' असं त्याचं म्हणणं. वय पन्नाशीकडे, डोक्यावर उलटी टोपी, नावावर सात अल्बम. लहानमोठे सगळे त्याला राखडभाऊ म्हणतात.

* * *

सुमेधने 'सातव्यापासून पहिल्यापर्यंत' अशी पोस्ट टाकली. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तर अनोळखी नंबरवरून फोन.

"जय भीम. राखड बोलून राह्यलो."

मांडीवरचं ताट उडून कठड्यावरून थेट खाली! खालच्या मजल्यावरून सुमेधची आई ओरडली.

"काय पडलं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही भाऊ. शेंगा."

"बरं. तुम्ही नंबर देऊन राह्यले म्हन्ते. द्या, बिनधास्त द्या. पन माही एक गोष्ट आयका. ज्या अल्बमले तुम्ही शेवटी टाकसान, त्याचं एकबी गाणं मी पुन्हा स्टेजवर म्हननार नाई. शब्द!"

"अहो भाऊ, आम्ही तर गंमत म्हणून..."

"मी गमतीले रॅप नाई करत. अन नंबर माह्या प्रोग्रामातच सांगा. ऊर्जानगरच्या हॉलमंदी, पब्लिकसमोर. माह्या तोंडावर."

फोन कट. मी बराच वेळ शेंगा नसलेल्या मांडीकडे बघत बसले.

कारण सातवा नंबर माझ्या मनात आधीच ठरलेला होता: 'ओन्ली अनिता'. आणि अनिता ही राखडभाऊंची बायको!

अल्बम वाईट का, तेही सांगते. बाकी सहा अल्बमांत हा माणूस रस्त्यावरच्या खड्ड्यालासुद्धा नावाने ओळखतो. इथे मात्र चंद्र, चांदणी, गुलाब आणि परत चंद्र. अनिता हसते कशी, चिडते कशावर, चहात साखर किती घेते, काही म्हणजे काही कळत नाही. सगळी गाणी ऐकून झाली तरी अनिताची आणि आपली ओळख होत नाही. पण हे अनितावहिनींसमोर, माईकवर म्हणायचं कोणी?

* * *

विक्कीची परीक्षणाची पद्धत वेगळी. तो सगळे अल्बम घुग्घुसहून येता-जाता बाईकवर ऐकायचा. म्हणे, "ज्या अल्बममंदी खड्डा समजत नाई, तो एक नंबर!"

या हिशोबाने 'डंपर' त्याचा पहिला आला. बाकी सगळे त्याच्या मते 'हाडात बसणारे' होते. 'फस्ट शिफ्ट' ऐकताना तर त्याची कंबर धरली होती.

सुमेधला शंका आली. "विक्क्या, 'डंपर' तू कवा आयकला?"

"मागच्या हप्त्यात."

"अन रोडवर नवीन डांबर कवा टाकलं?"

विक्कीने बाईकच्या किल्लीने कान खाजवला. मग म्हणाला, "पन बीट चांगली होती बे!"

* * *

'सिंगल फेज' हा अल्बम कुठेच मिळेना. नेटवर नाही, खुद्द भाऊंकडे नाही. शेवटी कळलं की पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात धनराजभाऊ नावाच्या शेतकऱ्याकडे तो आहे. ट्रॅक्टरच्या टेपमध्ये घातलेल्या पेन ड्राईव्हवर.

आम्ही गेलो, तर उन्हाळी धानाच्या बांधीत चिखलणी चालू.

"पेन ड्राईव्ह काढून द्या नं भाऊ, कॉपी करून लगेच देतो," सुमेध म्हणाला.

"नाई. एकदा निंघाला तं मंग लागत नाई."

"मग ट्रॅक्टर थोडा वेळ बंद करा, इथेच ऐकतो."

"ट्रॅक्टर बंद केला तं गाणंबी बंद होते."

इलाज नव्हता. सुमेध एका मडगार्डवर, मी दुसऱ्या, विक्की मागे लटकलेला, आणि धनराजभाऊ मधे बसून शांतपणे चिखल करताहेत. मी प्रत्येक वळणाला किंचाळले. बांधावर धानाच्या रोवण्याला आलेल्या बायांनी काम थांबवून आमच्याकडे बघत पदर तोंडाला लावले.

घरी येऊन सुमेधने व्हिडिओत सांगितलं, "या अल्बमचा बेस म्हणजे छातीत घुसणारा बेस! विदर्भात असा बेस कोणी दिला नाही!"

त्याच संध्याकाळी भाऊंचा मेसेज आला: "त्या अल्बमात बेसच नाई. मशीन बिघडली होती."

* * *

'वाघाचा एरिया'मध्ये पहिलं गाणं डरकाळीने सुरू होतं. सुमेधने नवीन स्पीकर घेतला होता. दिवस मावळताना गच्चीवर त्याची टेस्टिंग ठेवली आणि प्ले मी दाबलं.

आता हे ऊर्जानगर आहे. इथे बिबट्या भिंतीवरून जातो, तेव्हा लोक आधी कुत्रं आत घेतात आणि मग फोटो काढतात. डरकाळी आली, आणि प्ले मीच दाबलं होतं तरी जिन्यावरून सगळ्यात आधी मीच पळाले!

ओळीतली सगळी दारं धाडधाड लागली. कॉलनीच्या ग्रुपवर पहिला मेसेज: "पाण्याच्या टाकीजवळ वाघ." मग, "दोन आहेत." मग कोणीतरी लिहिलं, "सोबत पिल्लूही आहे, मी स्वतः पाहिलं!"

जंगलखात्याची जीप आली. काठ्या घेऊन चारजण उतरले. सुमेधने हात जोडून खरं काय ते सांगितलं. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"किती नंबर देल्ला याले?"

"तिसरा," मी कसंबसं म्हटलं.

"एवढी पब्लिक एका मिनिटात घरात घुसली. पहिला द्या!"

* * *

'नागपूरले सांगजो' हा अल्बम अख्खा भांडणाचा. नागपूरच्या एमसी संत्रा नावाच्या रॅपरला त्यात भाऊंनी असा धुतलाय की ऐकताना मी खिडक्या लावून घ्यायचे. सुमेध म्हणाला, दुसरी बाजूही घेतली पाहिजे. फोन लावला आणि माझ्या हातात दिला. नेहमीसारखा!

मी तीन वेळा सॉरी म्हणून विचारलं, "सर, त्या अल्बममुळे तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल ना?"

पलीकडून हसण्याचा आवाज. "वाईट? अर्धा अल्बम मीच लिहून देल्ला! तुमच्या राखडभाऊले शिव्याच जमत नव्हत्या. पह्यल्या गाण्यात मले 'आपण' म्हनून राह्यला होता!"

* * *

आईने यातला एकही अल्बम मुद्दाम ऐकला नाही, पण घर लहान असल्यामुळे सगळे ऐकले. तिचं परीक्षण एका ओळीचं.

"हा मानूस श्वास कवा घेते?"

* * *

प्रोग्रामच्या आदल्या दिवशी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर आमची मीटिंग बसली. सहा नंबर चटचट लागले. पहिल्यावर 'सत्तेचाळीस डिग्री', त्यात तर वादच नव्हता. चंद्रपूरचा उन्हाळा भोगलेला कुठलाही माणूस त्याच्या पहिल्या कडव्यात पाणी मागतो. सातव्याचं मात्र कोणी नावच घेईना.

"असं करू," विक्की म्हणाला, "तीन म्हटलं का तिघंबी एकदम बोलू."

एक, दोन, तीन.

"ओन्ली अनिता!"

"हळू बोला नं बापा," पोहेवाला म्हणाला, "वहिनी आत्ताच कोथिंबीर घेऊन गेली इथून."

माझी प्लेट कलंडली. तर्री पूर्ण ओढणीवर.

मी म्हटलं, आपण सातवा दुसराच कुठलातरी सांगू. 'फस्ट शिफ्ट' सांगू. सुमेध मान हलवत म्हणाला, "अन मंग भाऊ 'फस्ट शिफ्ट' बंद करन. त्याचं सगळ्यात खरं गाणं आहे त्याच्यात. आपल्या भित्रेपणापायी ते बंद करतं का तू?"

मी ओढणीवरची तर्री पुसत राहिले. 'फस्ट शिफ्ट'मध्ये पहाटे डबा घेऊन निघालेल्या माणसाचं गाणं आहे. आमचे बाबा ते ऐकून एकदा उठून आत गेले होते.

"ठीक आहे," मी म्हटलं, "पण सांगशील तू."

"नाई, तू. तुहा आवाज आधीच कापते. लोकायले वाटन, हिले किती दुःख झालं. सूट होते!"

* * *

हॉल भरला होता. खाणीतली मंडळी, कॉलनीतल्या बाया, पहिल्या रांगेत राखडभाऊ. टोपी उलटी, गॉगल, हाताची घडी. शेजारची खुर्ची रिकामी. वहिनी आल्या नाहीत हे बघून माझ्या जिवात जीव आला.

माईक हातात घेतला, तर आवाज कापण्याआधी माईकच कापायला लागला.

"सातव्या नंबरवर..." मी डोळे मिटले. "सातव्या नंबरवर आहे 'ओन्ली अनिता'. कारण भाऊ, यात चंद्र आहे, चांदणी आहे, पण अनितावहिनी कुठेच नाहीत."

एवढं मी कसं बोलले, मला खरंच माहीत नाही. मी डोळे उघडले तर भाऊंनी गॉगल काढला होता. ते उठले, स्टेजवर आले आणि माझ्या हातून माईक घेतला.

"शब्द म्हंजे शब्द," ते म्हणाले. "आजपासून 'ओन्ली अनिता' स्टेजवर बंद."

तेवढ्यात स्टेजच्या मागचा पडदा सरकला. अनितावहिनी! पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात भाताचा मोठा डाव. त्या सरळ माझ्याच दिशेने येत होत्या. मी सुमेधला शोधलं. तो विक्कीच्या मागे होता. विक्की खांबाच्या मागे होता.

"पोरी, तूच सांगितलं काय सातवा नंबर?"

"ह... हो वहिनी. सॉरी."

"आता ते गाणे स्टेजवर होनारच नाई? पक्कं?"

"भाऊंनी शब्द दिला," मी डावाकडे बघत म्हटलं.

"मंग सॉरी काऊन म्हनते?" त्या भाऊंकडे वळल्या. "आवो, आयकलं काय? आता घरी म्हना. इतके वर्सं स्टेजवर तुमचं अनिता-अनिता चालू असते, अन अनिता मांगं तुमच्या प्रोग्रामच्या पोरायले भात वाढून राह्यते. मले एकबी गाणं पुरं आयकाले भेटलं नाई."

भाऊंनी माईक खाली ठेवला. मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"कोनतं म्हनू?"

वहिनींनी डाव दुसऱ्या हातात घेतला, पदराने कपाळ पुसलं.

"सगळे म्हना. नंबर मी देईन."